आकडे संगणक जुळवतो, मग समीकरणे कशासाठी?

गणिती प्रारूपे (मॉडेल) आणि विदा-विश्लेषण (आकडेवारीचे विश्लेषण) हे माझे अध्यापनाचे आणि संशोधनाचे विषय आहेत, हे कळल्यावर बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: आकडेवारी दिली की अंदाज संगणकच काढतो, मग विद्यार्थ्यांकडून अवकल समीकरणे, म्हणजे एखादी गोष्ट किती वेगाने बदलते हे सांगणारी समीकरणे, हाताने का मांडून घेता? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर सांगते.

साथ पसरू लागते तेव्हा रुग्णसंख्या किती वेगाने वाढेल, हे लागणीचा दर आणि बरे होण्याचा दर यांच्या वजाबाकीवर ठरते. समजा, रोजच्या आकड्यांवरून ही वजाबाकी ०.२ आली. लागणीचा दर रोज ०.३ आणि बरे होण्याचा ०.१ असला तरी ती तेवढीच येते, आणि ०.६ व ०.४ असले तरीही. सुरुवातीच्या काळात दोन्हींचे आलेख एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. मात्र पहिल्या स्थितीत एक रुग्ण सरासरी १० दिवस (१ ÷ ०.१) संसर्ग पसरवतो आणि ३ जणांना (०.३ ÷ ०.१) लागण करतो, तर दुसऱ्या स्थितीत अडीच दिवस आणि सरासरी दीड जणाला. साथ ओसरायला पहिल्या स्थितीत दोन तृतीयांश लोकांमध्ये प्रतिकारशक्ती असावी लागते, दुसऱ्या स्थितीत एक तृतीयांश पुरतात. लसीकरणाचे नियोजन करणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक प्रचंड आहे, आणि तो त्या आकड्यांत मुळात नाहीच, त्यामुळे कोणताही संगणक तो त्यांतून काढू शकत नाही. रुग्ण किती दिवस संसर्गजन्य राहतो हे स्वतंत्रपणे मोजावे लागेल, हे आपल्याला समीकरणावरून समजते. कोणत्या मोजमापातून काय कळू शकते आणि काय कळूच शकत नाही, याच प्रश्नावर माझे बरेचसे संशोधन आहे, आणि मला तो या विषयाचा गाभा वाटतो.

वर्गात मी साथीच्या गणिती प्रारूपाचा पाया घालणाऱ्या केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचा १९२७चा शोधनिबंध आवर्जून वाचायला देते. मुंबईत १९०५-०६ मध्ये प्लेगने दर आठवड्याला झालेल्या मृत्यूंच्या आकड्यांवर त्यांनी आपल्या समीकरणातून आलेला वक्र बसवला, आणि तो फार सुरेख बसला. विद्यार्थी ती आकृती पाहून हरखतात; मग मी त्यांना सोबतचा मजकूर वाचायला लावते. माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचे प्रतिबिंब आहे, प्रत्येक उंदराला लागण होण्याची शक्यता सारखीच आहे, सगळे दर साथभर स्थिर राहिले, अशी गृहीतके मांडून, त्यांपैकी एकही काटेकोरपणे खरे नाही हे लेखकांनी स्वतःच नोंदवले आहे. त्यांच्या प्रारूपात साथ ओसरते ती लागण होऊ शकणाऱ्यांची संख्या एका मर्यादेखाली घटते म्हणून. परंतु मुंबईत प्लेग १८९६ पासून वर्षानुवर्षे ऋतूनुसार चढत-उतरत राहिला, कारण प्लेग पसरवणाऱ्या पिसवांची संख्या उष्णतेवर आणि आर्द्रतेवर अवलंबून असते, आणि ऋतुबदलानेही आलेखात तसाच उंचवटा तयार होऊ शकतो. पुढच्या वर्षी साथ परतेल का, या प्रश्नाला मात्र ही दोन स्पष्टीकरणे वेगवेगळी उत्तरे देतात. एवढ्या एका आकृतीवर आमचे तासन्‌तास जातात, आणि ते जायलाच हवेत.

संगणक आम्ही भरपूर वापरतो. त्याच्यावाचून आजचे विश्लेषण शक्यही नाही. पण गृहीतके कोणती, आणि कोणते निरीक्षण आले तर हे प्रारूप टाकून द्यावे लागेल, हे विद्यार्थ्याने आधी लिहायचे असते. ते लिहिले नसेल, तर वक्र कितीही सुंदर बसला तरी मी पूर्ण गुण देत नाही.