पांढऱ्या पेशींतलं एडीए मोजताना
आजचा सगळा दिवस एचआयव्हीबाधितांच्या लिम्फोसाइट्स या पांढऱ्या पेशींमधलं अ‍ॅडेनोसिन डिअ‍ॅमिनेज मोजण्यात गेला. हे एडीए म्हणजे अ‍ॅडेनोसिन या रेणूतून अमोनिया सोडवणारं एन्झाइम. रंगाची अभिक्रिया सोपी आहे. कसोटी लागते ती पेशी वेगळ्या करताना.

ईडीटीएमधलं (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनातलं) रक्त त्याच दिवशी वापरावं, फ्रिजमध्ये नको. तेवढाच बफर मिसळून १.०७७ घनतेच्या फायकॉल या जड द्रवावर अलगद सोडायचं. मग सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट) ३० मिनिटं फिरवायचं, थांबवताना ब्रेक बंद. नाहीतर थर ढवळतात. मधला पांढुरका थर उचलून दोनदा धुवायचा, दुसऱ्यांदा २०० जीवर, म्हणजे बऱ्याचशा प्लेटलेट्स वरच राहतात.

तांबड्या पेशी राहिल्या तर आकडा फुगतो, कारण त्यांच्यातही हेच एन्झाइम असतं. त्या फोडायला अनेकजण अमोनियम क्लोराइड वापरतात आणि तिथेच घात होतो! आपण शेवटी मोजतो तो अमोनियाच. वापरलंच तर नीट धुवा आणि प्रत्येक नमुन्याचा स्वतंत्र ब्लँक (एन्झाइमची क्रिया होऊ न देता घेतलेलं वाचन) ठेवा. ३७ अंशांवर अ‍ॅडेनोसिनसोबत ६० मिनिटं, मग फिनॉल-नायट्रोप्रुसाइड, अल्कधर्मी हायपोक्लोराइट आणि अमोनियामुळे आलेल्या निळ्या रंगाचं ६२८ नॅनोमीटरला वाचन.

उत्तर प्रति मिलिलिटर रक्त देऊ नका. या रुग्णांत सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या लिम्फोसाइट्स) घटलेल्या असतात, त्यामुळे एन्झाइम कमी की पेशीच कमी, हे कळत नाही. प्रति दहा लाख पेशी किंवा प्रति मिलिग्रॅम प्रथिन असंच लिहा, सोबत सीडी४ संख्या आणि औषधोपचार सुरू आहेत का तेही.

पेशी फोडलेला द्रवही संसर्गजन्यच समजा. सेंट्रिफ्यूजची झाकणबंद बकेट आणि सेफ्टी कॅबिनेट यांत तडजोड नको.