कुर्डीची जुनी वाट

टँकर चालवायला लागून मला चौदा वर्षं झाली. एप्रिल-मे महिन्यांत गोव्यातल्या सांगे तालुक्यात आमच्या दिवसाला पाच-सहा खेपा होतात. पण साळावली धरणाच्या पोटात पाणी घेऊन जायची पाळी येईल असं कधी वाटलं नव्हतं.

मे महिन्यातला रविवार होता. धरणाचं पाणी खाली गेलं की कुर्डी गाव वर येतो. सोमेश्वराचं देऊळ उघडं पडतं आणि धरणामुळे वाडे आणि वाळकिणी या वसाहतींत जाऊन राहिलेले कुर्डीकर मुलानातवंडांसह देवाला येतात. कपेलाचं, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनाघराचं, फेस्तही असंच उन्हाळ्यात होतं. त्या दिवशी माणसं बरीच यायची होती, जेवण होतं. म्हणून दहा हजार लिटरची खेप देवळापर्यंत पोचवायचं काम माझ्याकडे आलं.

काठावर गाडी उभी केली आणि खाली उतरून पाहिलं. भेगाळलेला गाळ, मध्ये मध्ये चिऱ्यांचे चौथरे, माडांचे काळे पडलेले बुंधे. चाकांच्या खुणा होत्या, पण त्या मोटारी-स्कूटरच्या. भरलेल्या टँकरमध्ये नुसत्या पाण्याचंच वजन दहा टन. वरून टणक दिसणारा गाळ आत लोण्यासारखा असतो, चाक एकदा बसलं की क्रेन येईपर्यंत तिथंच. क्लीनरला पुढे पाठवलं. शंभर पावलं गेला आणि घोटाभर चिखल घेऊन परत आला.

तेवढ्यात मागे रिक्षा थांबली. सत्तरी ओलांडलेली एक आजी उतरली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं.

"उदक खंय व्हरता पुता?"

"देवळाकडे, आजी. पण वाट कळेना."

"वाट आसा मरे. हांव दाखयतां."

तिने चपला काढून नातवाच्या हातात दिल्या आणि टँकरच्या पुढे चालू लागली. हातात काठी, दर चार पावलांवर ती गाळात रोवून बघायची. काठी कट्‌ करून वाजली की हात वर. मी फर्स्ट गियरमध्ये, खिडकीतून अर्धा बाहेर, डोळे तिच्या टाचांवर.

गाळाखाली खडी घालून पिटलेला गावचा रस्ता होता. वर त्याची कसलीही खूण दिसत नव्हती. तो फक्त तिला दिसत होता. "उजवीकडे नको, तिथं शेत, तुझी गाडी जाईल आत." पुढे, "हे मास्तरांचं घर. मास्तरांच्या घराकडून रस्ता जरा वळतो." तिथं गुडघाभर उंचीचा चौथरा होता, एवढंच. मग पेरूच्या परसाचं वळण, मग बांय. त्या विहिरीचं कडं अजून शाबूत होतं. तिथं ती थांबली. काठी न वाजता खाली गेली. दोन पावलं डावीकडे सरकून तिने पुन्हा रोवली आणि वाजली. "इथं आम्ही घागरी ठेवायचो, म्हणून रस्ता रुंद केला होता," म्हणाली, आणि हात वर.

अठराव्या वर्षी ती या वाटेने लग्न होऊन आली. सामानाचा ट्रक गावाबाहेर गेला तोही याच वाटेने. चाळीस वर्षांच्या वर झाली. मधल्या प्रत्येक पावसाळ्यात ही वाट पाण्याखाली होती.

देवळाजवळ पोचायला पाऊण तास लागला. व्हॉल्व्ह सोडला तशा कळश्या, डेचक्या, बाटल्या पुढे आल्या. बादली भरून घेणारा एक मुलगा मला म्हणाला, "काका, आमच्या वाड्यावर तुम्हीच येता ना?" ओळखीचाच होता. धरणामुळे उठलेल्या माणसांची जिथं वसती केली, तिथं उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात, आणि मी टँकर घेऊन जातो. धरणाचं पाणी शेळपेच्या प्रकल्पात शुद्ध होतं आणि सासष्टी, मुरगाव, केपेपर्यंत नळांनी जातं. ज्यांनी घर दिलं त्यांनी टँकरच्या रांगेत उभं राहावं, हे मला पटत नाही. चौदा वर्षांत एकदाही पटलेलं नाही.

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः गावात येऊन, या धरणाने सगळ्या गोव्याचं भलं होईल असं सांगून गेले होते, ही गोष्ट त्या दिवशी मी तिघांकडून ऐकली. तिघांच्याही बोलण्यात राग नव्हता. कदंबकाळातल्या महादेवाच्या देवळाचा दगड दगड सोडवून पुरातत्त्व खात्याने ते धरणाजवळ पुन्हा उभारलं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांच्या घराचा चौथरा मात्र इथंच आहे, लोक तो पाहायला जात होते.

मडगावहून आलेल्या दोन पोरांनी विचारलं, इथं वीज कुठं तयार होते? साळावली पाण्यासाठी आणि शेतीसाठी बांधलं, वीज तिकडे तिलारीला. माझ्या बायकोचं माहेर तिकडचं, सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातलं, म्हणून मला ठाऊक. कोनाळचं वीजगृह 60 मेगावॅटचं. तिलारी धरणाच्या पाण्यात गोव्याचा वाटा सुमारे 73 टक्के, आणि त्या धरणाखालीही गावं गेली. म्हादई नदीच्या पाण्याचे वाटे ठरवणाऱ्या लवादाने 2018 मध्ये कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, त्यातलं 8.02 टीएमसी वीजनिर्मितीसाठी. असा आकडा पेपरात वाचला की हल्ली मला ती काठी ऐकू येते.

दुपारी दुसरा टँकर आला. केपेचा ड्रायव्हर, नवा मुलगा, काठावर थांबून हॉर्न वाजवत होता. आजी देवळाच्या सावलीत पान खात बसली होती, तिला पुन्हा उन्हात काढवेना. तिची काठी मागून घेतली आणि काठापर्यंत चालत गेलो.

"माझ्या मागून ये, सावकाश," त्याला सांगितलं. "उजवीकडे शेत आहे. मास्तरांच्या घराकडे वळायचं, मग पेरूचं परस. बांय आली की थांब."

त्याने समोरच्या गाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कुठली बांय?"

मी चपला काढल्या आणि काठी रोवली.