‘बारा लाखांपर्यंत शून्य’ हे आश्वासन कसं वाचायचं

1 फेब्रुवारी 2019 च्या हंगामी अर्थसंकल्पात पाच लाखांपर्यंत कर शून्य झाला, एप्रिलपासून लोकसभेचं मतदान. 1 फेब्रुवारी 2025 ला नव्या करप्रणालीतली (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) शून्य कराची सात लाखांची रेषा बारावर गेली, दिल्लीचं मतदान 5 तारखेला. सत्ताधाऱ्यांच्या टायमिंगवर बोट ठेवणं सोपं आहे, पण आम आदमी पक्षानेही जानेवारीत हीच रेषा दहा लाखांवर न्या अशी मागणी केली होती. म्हणजे भांडण आकड्याचं. रेषा ओलांडली की काय होतं, हे दोघंही सांगत नाहीत.

बारा लाख करमुक्त नाहीत. 2025-26 या वर्षासाठी पहिले चार लाख मोकळे, पुढच्या चारवर 5 टक्के, त्यापुढच्या चारवर 10. कर होतो 60,000 आणि कलम 87ए चा रिबेट, म्हणजे करातली सूट, तो पुसून टाकतो. आता करपात्र उत्पन्न 12,10,000 धरा. हिशेबाने कर 61,500, पण मार्जिनल रिलीफमुळे (रेषा जेमतेम ओलांडणाऱ्यांसाठीची सवलत) तो बारा लाखांच्या वरच्या रकमेइतकाच, म्हणजे 10,000. त्यावर 4 टक्के सेस, म्हणजे उपकर. दहा हजार जास्त कमावले आणि 10,400 गेले! साधारण 12,70,600 पर्यंत हेच चालतं. म्हणजे या पट्ट्यातल्या माणसाला बारा लाखांवरच्या कमाईवर शंभर टक्क्यांहून जास्त दर लागतो. चोवीस लाखांच्या वरच्या टप्प्याला 30 टक्के. याला न्याय्य कसं म्हणायचं?

नोकरदाराला 75,000 ची प्रमाणित वजावट मिळते, त्यानंतरही आकडा या पट्ट्यात येत असेल तर कंपनीमार्फत एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) बघा. मूळ पगार अधिक महागाई भत्ता यांच्या 14 टक्क्यांपर्यंतचा कंपनीचा हिस्सा नव्या प्रणालीतही वजा होतो. करपात्र 12,50,000 असताना 50,000 तिकडे वळवले तर 52,000 चा कर वाचतो. मात्र ते पगाराच्या रचनेत बसवून घ्यावं लागतं, तेही वर्ष संपायच्या आत; स्वतः खात्यात भरलेले पैसे इथे उपयोगाचे नाहीत. आणि शेअर्सच्या अल्पकालीन नफ्यावरचा 20 टक्के कर हा रिबेट पुसत नाही. एकूण उत्पन्न सात लाख आणि त्यातला एक लाख असा नफा असेल, तरी सेससह 20,800 भरावेच लागतात. इथे बरेच जण फसतात.

जुन्या प्रणालीत तर मार्जिनल रिलीफही नाही. पाच लाखांना शून्य, 5,10,000 ला 15,080.

माझ्या मते मत मागायला आलेल्याला एकच विचारावं: कराचे टप्पे महागाईशी जोडणार का? जुन्या प्रणालीतली अडीच लाखांची मर्यादा 2014 पासून हललेली नाही. नुसत्या महागाईइतकी पगारवाढ मिळाली तरी माणूस वरच्या टप्प्यात जातो आणि कर न वाढवता तिजोरी भरते. हे कुठल्याच सरकारला गैरसोयीचं नाही, म्हणून जाहीरनाम्यात रेषा येते, महागाईचा निर्देशांक येत नाही.

शेतीच्या उत्पन्नाचंही तसंच. त्यावर कर बसवायचा अधिकार राज्यांचा, तरी दिल्लीकडे बोट दाखवून इथले सगळे पक्ष गप्प.

पक्षांना देणगी देऊन कर वाचवायचा असेल तर 1961 च्या आयकर कायद्यातल्या कलम 80जीजीसीची वजावट फक्त जुन्या प्रणालीत आहे आणि रोख देणगी चालत नाही. ‘चेक द्या, कमिशन कापून रोख परत घ्या’ म्हणणाऱ्या एजंटांपासून लांब राहा. जुलै 2025 मध्ये आयकर खात्याने अशा खोट्या वजावटींवर देशभर छापे घातले. चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर बुडवलेल्या कराच्या 200 टक्के दंड, आणि नोटीस एजंटाला नाही, तुमच्या पॅनवर येते.