गडग्यावरचं उदमांजर : एकाचे निघाले दोन

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की परसातल्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) रोज रात्री येतं ते उदमांजर. अर्धंच खरं होतं ते.

आधी कॅमेरा ट्रॅपची, म्हणजे समोर काही हललं की आपोआप चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याची, रड. पहिल्या आठ रात्रींत कार्ड भरलं ते केळीच्या पानांनी. वारा सुटला की पान हलणार, पान हललं की क्लिप! शेवटी पान छाटलं आणि कॅमेरा गुडघ्याइतक्या उंचीवर आणला. नवव्या रात्री पावणेबाराला एक जांभळीवरून गडग्यावर उतरलं. तोंडावर काळा मुखवटा, पाठीवर तीन गडद पट्टे, अंगाएवढी लांब शेपूट, तिच्यावर एकही कडं नाही. हे उदमांजर, आमच्याकडचा कांडेचोर. सव्वादोनला दुसरं आलं, खालून, जमिनीवरून. सडपातळ, निमुळत्या तोंडाचं, कुशीवर ठिपक्यांच्या ओळी आणि शेपटीला काळी-पांढरी कडी. थांबून त्याने शेपटीखालचा भाग दगडाला घासला, वास लावला आणि गेलं. हे जवादी मांजर! त्या वासाच्या द्रव्याचं अरबी नाव झबाद. त्यावरून आपलं जवादी, आणि इंग्रजी सिव्हेटही तिथूनच.

नावांचा घोळ इथेच संपत नाही. हिंदीतला ऊदबिलाव म्हणजे आपलं पाणमांजर, तेव्हा हिंदी व्हिडिओ बघून ओळख पटवू नका (मी पटवली होती). उदमांजराच्या शास्त्रीय नावात तर चक्क 'हर्माफ्रोडायटस', म्हणजे उभयलिंगी, आहे. नर-मादी दोघांच्याही शेपटीखाली वृषणांसारख्या दिसणाऱ्या गंधग्रंथी असतात, म्हणून प्राणिशास्त्रज्ञ पल्लासने 1777 साली हे नाव दिलं. बिचाऱ्यात उभयलिंगी काहीच नाही. शिवाय दोन्हींपैकी मांजर एकही नाही, कुळच वेगळं. मोरीजवळ राख पसरून ठेवली होती, तिच्यात पाच बोटांचा ठसा उमटला. मांजराचा असता तर चारच बोटं दिसली असती.

गडग्यावरच्या विष्ठेत भेरली माडाच्या (ताडामाडाच्या कुळातलं झाड) अख्ख्या बिया मिळाल्या. ताडून बघायला झाडाखालचं पिकलं फळ उघड्या हातांनी सोललं आणि संध्याकाळपर्यंत हात खाजवत बसलो. गर खाजरा असतो हे काकूंनी नंतर सांगितलं. कांडेचोर तोच गर मजेत खातो.

काल कॅमेरा भेरली माडाच्या बुंध्याशी बांधलाय. आसपास केळ नाही, बघून घेतलंय.