एसपी घेतलेल्या मुलीला डेरिव्हेटिव्ह कसं कळलं

दरवर्षी जून-जुलैत कॉलेजच्या याद्या लागल्या की आमच्या सोसायटीतल्या दोन-तीन घरांतून हाच प्रश्न येतो. "कॉमर्सला गेलं तरी कॅल्क्युलस आहेच का हो? धंदा-व्यवसाय शिकणाऱ्या मुलांना ते कशाला? आणि आमच्याकडे अकरावीत गणित सोडलंय, झेपेल का?" जिन्यात उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहिते.

झेपतं. मी स्वतः अकरावीला गणित सोडून एसपी, म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस, हा विषय घेतला होता. दहावीच्या गणिताने मला इतकं दमवलं होतं की फॉर्म भरताना मी क्षणभरही थांबले नाही. दोन वर्षं भागधारकांना लाभांशाची आणि ठेवीदारांना व्याजाची पत्रं लिहिण्यात गेली. मग बीकॉमचं पहिलं वर्ष आलं. मुंबई विद्यापीठात तेव्हा मॅथेमॅटिकल अँड स्टॅटिस्टिकल टेक्निक्स हा पेपर सगळ्यांनाच होता, आणि त्यात कॅल्क्युलसमधलं डेरिव्हेटिव्ह होतं, म्हणजे एक गोष्ट जराशी बदलली की दुसरी किती दराने बदलते ते काढणं.

सुरुवातीला मी ते पाठ केलं. एक्सचा घात पुढे आणायचा, घातातून एक वजा करायचा. मग उत्तर शून्याबरोबर मांडायचं, दुसऱ्यांदा डेरिव्हेटिव्ह काढायचं, ते ऋण आलं तर मॅक्सिमम. उत्तरं पुस्तकाच्या मागच्या पानाशी जुळायची. पण 'मार्जिनल कॉस्ट 80' असं उत्तर आलं की ते 80 कशाचे, हे मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

त्यात मार्जिन या शब्दाने फार घोळ घातला. आमच्या घरात मार्जिन म्हणजे सुटणारा नफा. "यात मार्जिन किती?" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्यामुळे मार्जिनल कॉस्ट म्हणजे नफ्याशी संबंधित काहीतरी खर्च, असं धरून मी जवळजवळ अख्खी टर्म काढली. शेवटी लायब्ररीत अर्थशास्त्राचं मराठी पुस्तक चाळताना 'सीमांत खर्च' हा शब्द दिसला आणि मी तिथेच थांबले. सीमांत म्हणजे शिवेवरचा. शेताची शीव जिथे आहे तिथून आणखी एक पाऊल पुढे टाकलं तर किती पडेल, तो खर्च. आजही माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी हा शब्द आधी सांगते आणि मार्जिनल नंतर.

खरं कळलं ते मात्र आमच्या स्वयंपाकघरात. आई डोंबिवलीत जेवणाचे डबे करायची. स्टेशनजवळच्या बँका, दवाखाने, क्लासेस इथे जायचे. त्या वर्षी एका क्लासची मोठी ऑर्डर आली आणि डबे ऐंशीवरून शंभर झाले. बाबा खूश होते. आई रात्री पाय चोळत बसायची आणि म्हणायची, "अहो, पैसे काही वाढलेले दिसत नाहीत." बाबा वही उघडून दाखवायचे. डबा 80 रुपयांना, खर्च 70. "अगं, डब्यामागे दहा रुपये सुटताहेत. मग थांबायचं कशाला?"

दोघांचंही खरं होतं, आणि ते कसं हे मला वर्गात शिकलेल्याच गोष्टीने दाखवता आलं. आकडे इथे सोयीसाठी गोल करते. मावशींची मजुरी आणि डबे पोचवणाऱ्या मुलाचा पगार मिळून रोजचे 500, डबे कितीही असोत. एका डब्याचा शिधा 40 रुपयांचा. आणि तिसरा खर्च होता गर्दीचा. डबे वाढले की भाजी कमी पडायची आणि ऐनवेळी कोपऱ्यावरून महाग आणावी लागायची, दुसऱ्या मावशींना दोन तास बोलवावं लागायचं, एक खेप रिक्षाने जायची. हा खर्च डब्यांबरोबर नुसता वाढत नव्हता, चढत होता. वहीतले दिवस एकाखाली एक मांडले तेव्हा तो साधारण डब्यांच्या संख्येच्या वर्गाच्या पाव पटीत बसला.

आता ऐंशी डब्यांचा खर्च काढा: 500 अधिक 3200 अधिक 1600, म्हणजे 5300. विक्री 6400. रोजचे 1100 सुटले. शंभर डब्यांचा खर्च 500 अधिक 4000 अधिक 2500, म्हणजे 7000. विक्री 8000. सुटले 1000. वीस डबे जास्त करून आई रोज शंभर रुपये गमावत होती. बाबांचे डब्यामागे दहा रुपये खरेच होते, पण ती सरासरी होती. शेवटच्या वीस डब्यांचा वेगळा हिशेब केला तर त्यांना 1700 रुपये लागले होते, म्हणजे डब्याला 85, आणि ते विकले 80 ला. पहिल्या ऐंशी डब्यांनी कमावलेलं त्यांत जात होतं, आणि सरासरीत ते दिसत नव्हतं.

मग मी खर्चाच्या त्या सूत्राचं डेरिव्हेटिव्ह काढलं. एक्स म्हणजे डब्यांची संख्या धरली तर 40 अधिक एक्सचा अर्धा. ते 80 रुपये कधी होतं? एक्स 80 असताना. ऐंशी डब्यांना पुढच्या डब्याचा खर्च विक्रीच्या भावाला येऊन भिडतो. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "ऐंशीला माझी परात पुरते. त्याच्या पुढे परत कणीक भिजवायला बसावं लागतं." तिला ते हाताने ठाऊक होतं. मला त्या दिवशी वाटलेला आनंद नंतर पेपरात मार्क मिळाले तेव्हाही वाटला नाही.

याच हिशेबात मला लिमिटही सापडली. एक्याऐंशीव्या डब्याचा खर्च प्रत्यक्ष वजाबाकी करून काढला तर 80 रुपये 25 पैसे येतो. डेरिव्हेटिव्ह म्हणतं 80. हे 25 पैसे कुठले? पाऊल एका अख्ख्या डब्याचं टाकलं म्हणून. डब्याच्या पाचव्या हिश्श्याचं पाऊल टाकलं तर दर 80 रुपये 5 पैसे येतो. पाऊल आणखी लहान करत जा, वरचे पैसे विरत जातात आणि 80 उरतात. फळ्यावर 'एच टेंड्स टू झीरो' लिहिलेलं असतं ते हेच: एच म्हणजे पाऊल, ते शून्याकडे जातं, आणि उत्तर ज्या आकड्याला टेकतं ती लिमिट. मुलांना ही वजाबाकी मी स्वतःच्या हाताने करायला लावते.

हे सगळं इंजिनिअरांचं, कॉमर्सवर उगाच लादलं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. फ्रान्समध्ये कूर्नो नावाच्या गणितज्ञाने 1838 साली संपत्तीच्या गणितावर पुस्तक लिहिलं. त्यात एक उदाहरण औषधी पाण्याच्या झऱ्याच्या मालकाचं आहे. तसं पाणी दुसऱ्या कोणाकडे नाही आणि ते काढायला खर्चही नाही. मग भाव किती ठेवावा? भाव चढवला तर गिऱ्हाईक गळतं, उतरवला तर गल्ला. कूर्नोने त्याचं उत्तर डेरिव्हेटिव्ह शून्याबरोबर मांडून काढलं. बीकॉमच्या पोरांना आजही तेच करायला देतात.

आता मुलं नेमकी कुठे अडतात ते सांगते, कारण आईवडिलांना हे सहसा कोणी सांगत नाही. मुलं कॅल्क्युलसमध्ये अडत नाहीत, बीजगणितात अडतात. एक छेद एक्स म्हणजे एक्सचा उणे पहिला घात, हे पक्कं नसेल तर पुढचा नियम कितीही घोका, चिन्ह चुकतं. कंस सोडवताना उणे आतल्या दुसऱ्या पदापर्यंत पोचत नाही. अपूर्णांकाची बेरीज चुकते. माझंही तेच होत होतं. मी शेजारच्या मुलाचं नववीचं बीजगणित मागून आणलं आणि घातांक, अवयव, अपूर्णांक एवढंच तीन आठवडे रोज रात्री सोडवलं. एकोणीस वर्षांची मुलगी नववीचं पुस्तक घेऊन बसली म्हणून कोणी काही बोललं नाही, आणि बोललं असतं तरी मी बसले असते. त्यानंतर पुन्हा डेरिव्हेटिव्हकडे आले तेव्हा तीच गणितं सरळ सुटायला लागली.

आज मी एका कारखान्याच्या कॉस्टिंगमध्ये आहे. कागदावर डेरिव्हेटिव्ह काढायची वेळ माझ्यावर क्वचित येते, आकडेमोड एक्सेल करतं. पण नव्या ऑर्डरचा कागद समोर आला आणि कोणी म्हणालं, "सरासरी खर्चात बसतंय, घ्या," की मी पहिल्यांदा विचारते, याच नगांना किती लागेल? रात्रपाळी लावावी लागेल का? हे विचारायची सवय मला त्या पेपराने आणि आईच्या वहीने मिळून लावली.

तर पाठवा मुलाला. रविवारी सकाळी नऊनंतर मी घरी असते. गाईड नको. एक कोरी वही आणि नववीचं बीजगणिताचं पुस्तक घेऊन येऊ दे, आणि घरात कशाचाही रोजचा हिशेब लिहिला जात असेल, दुधाचा, रिक्षाचा, शिवणाचा, तर ती वहीही आणू दे.