अकरा मिनिटं मागे

"दादा, गाडीतळाचं चित्र फुटतंय."

कंट्रोल रूममधल्या ताईंचा फोन आला तेव्हा सकाळचे सव्वानऊ झाले होते. मी तिथल्या कॅमेऱ्यांच्या खांबापासून जेमतेम दोनशे मीटरवर होतो आणि तिथवर पोचायला मला वीस मिनिटं लागली. तारीख होती 2 जुलै 2024. पुण्याचा मुक्काम आटोपून दोन्ही पालख्या पहाटेच निघाल्या होत्या आणि हडपसरला रस्ता असा दिसतच नव्हता, नुसती डोकी. ज्यांनी ती सकाळ पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गाडीतळापाशी वाटा फुटतात. माउली उजवीकडे सासवड रस्त्याला लागून दिवे घाटाकडे जातात आणि तुकोबा सरळ सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला. मग दोघांची गाठ पडते ती पार पंढरपूरच्या अलीकडे.

माझं काम कॅमेरे बघण्याचं नाही, कॅमेरे दिसत ठेवण्याचं. पुण्यात या धंद्याला जोर आला तो 2010 चा जर्मन बेकरीचा स्फोट आणि 2012 चे जंगली महाराज रस्त्यावरचे स्फोट यांच्यानंतर. सगळीकडे फायबर नेता आली असती तर सोन्याहून पिवळं. पण खोदाईची परवानगी, तिचे पैसे, पावसाळ्यात खोदाई बंद आणि नेलेली केबल पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाच्या जेसीबीने उचकटलेली. म्हणून काही ठिकाणी खांबावर एक छोटा रेडिओ लावायचा, समोरच्या उंच इमारतीच्या गच्चीवर दुसरा, आणि दोघांनी एकमेकांकडे बघत बसायचं. 2018 मध्ये सरकारने रेडिओलहरींचा पाच गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा परवानामुक्त केला, त्यामुळे कागदपत्रं कमी झाली. गर्दीही तितकीच वाढली, कारण त्याच पट्ट्यात आता प्रत्येक दुकानाचं वायफाय आहे.

आमची गच्ची सहाशे मीटरवर. मार्चमध्ये लिंक जुळवली तेव्हा सिग्नल उणे 58 होता, म्हणजे झकास; हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. मधे एक गुलमोहर आहे, पण मार्चमध्ये गुलमोहर म्हणजे काटक्या. जुलैत तोच हिरवागार होतो, आणि रात्रीच्या सरीने पानं निथळत असली की पाच गिगाहर्ट्झचं काही चालत नाही. त्या सकाळी आकडा उणे 79 होता. एकेका कॅमेऱ्याला चार एमबीपीएस लागतात, चार कॅमेऱ्यांना सोळा, आणि लिंकमधून पाचसुद्धा जात नव्हते. चौकोन चौकोन, हिरवे पट्टे, मग थिजलेलं चित्र. पेटी उघडून मी चारपैकी दोन कॅमेऱ्यांचा दर्जा खाली आणला, पावणेदहाला निदान हलणारं चित्र मिळालं. गच्चीवर जाऊन रेडिओ सरकवायचा तर गच्चीची किल्ली सोसायटीच्या चेअरमनकडे, आणि चेअरमन वारकऱ्यांना चहा वाटण्यात गुंतलेले. तक्रार तरी कशी करणार?

अकराच्या सुमारास पन्नाशीचा एक माणूस हवालदारांबरोबर आला. दिंडी माउलींची, रथामागची. आई बरोबर होती, वय पंच्याहत्तर. साडेनऊच्या आसपास गाडीतळावर होती, फुरसुंगीच्या बाजूला पाणी प्यायला थांबले तर नाही. फोन नाही. पुढच्या दिंड्यांत विचारलं, मागच्या दिंड्यांत विचारलं.

"साहेब, फोटो टाकला की कॉम्प्युटर शोधत नाही का?"

हा प्रश्न मला वर्षातून पन्नास वेळा येतो. त्याला चेहरा सरळ समोरून लागतो. इथे कॅमेरा वीस फुटांवरून खाली बघणारा, खाली हजारो नऊवाऱ्या, डोक्यावर पदर, पदरावर बोचकं, त्यावर निळा प्लास्टिकचा कागद. काही वेगळं आहे का अंगावर, असं मी विचारलं.

"पायात पांढरे बूट आहेत. नातवाचे, शाळेचे. चप्पल तुटली पुण्यात."

आता गोची अशी, की नेमकं तेव्हाचं चित्र कंट्रोल रूमच्या सर्व्हरवर नव्हतंच, लिंक बसलेली होती. पण या कॅमेऱ्यांच्या पोटात 128 जीबीचं मेमरी कार्ड असतं. लिंक गेली तरी साधारण तीन दिवसांचं रेकॉर्डिंग त्यात राहतं. कुणाला देण्याआधी लेखी परवानगी लागते, ती हवालदारांनी फोनवर साहेबांकडून घेतली आणि डायरीत नोंदवली. नवे फौजदारी कायदे आदल्याच दिवशी लागू झाले होते, त्यामुळे डिजिटल पुराव्याच्या प्रमाणपत्राचं कलम "आता पासष्ट ब नाही, त्रेसष्ट, हॅशसकट" (हॅश म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) वगैरे त्यांची थोडी उजळणी झाली. हे पुराव्यासाठी नाही, आजी शोधायला आहे, असं म्हटल्यावर ते हसले.

पेटीत केबल खोचून, लॅपटॉप स्कूटरच्या सीटवर ठेवून, वर छत्री धरून आम्ही तिघं बघत बसलो. साडेनऊपासून लावलं. दिंडी नाही. पावणेदहापर्यंत गेलो. नाही. मुलगा म्हणत होता, आम्ही साडेनऊला इथेच होतो, तो चहाचा तंबू मला आठवतोय. पुन्हा साडेनऊपासून. अर्धा तास असा गेला. मग त्याने काहीशा रागानेच विचारलं, "तुमचं घड्याळ तरी बरोबर आहे का?"

मी मोबाइलवर घड्याळ उघडलं, हात उंच करून कॅमेऱ्यासमोर धरलं आणि लॅपटॉपवर चित्र बघितलं. चित्रात माझा हात, हातात मोबाइल, मोबाइलवर 11.52. वरच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याची स्वतःची वेळ, 11.41.

ही चूक माझी होती. जूनमध्ये तो कॅमेरा बदलला तेव्हा टाइम सर्व्हरचा पत्ता टाकायचा राहून गेला. वेळ मी लॅपटॉपवरून दिली, आणि बॅटरी पूर्ण उतरून चालू झालेल्या त्या लॅपटॉपचं घड्याळ मागे पडलेलं. सर्व्हर रेकॉर्डिंगला स्वतःची वेळ लावतो, त्यामुळे तीन आठवडे कुणाच्या लक्षात आलं नाही. कोपऱ्यातले आकडे आम्ही सगळे रोज बघतो, वाचत कुणीच नाही. मुलाला मी हे सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही, फक्त "मग मागे घ्या" म्हणाला.

कार्डावरच्या 9.20 ला त्यांची पताका आली. 9.23 ला एक बाई रांगेतून बाहेर पडून दुभाजकावर बसल्या. पांढरे बूट. त्यांनी उजवा बूट काढला, उलटा करून झटकला, आत हात घालून खडा शोधला, पुन्हा झटकला. तेवढ्यात दिंडी चौकातून पुढे निघून गेली. त्यांनी बूट चढवला आणि नाडीची दोन टोकं हातात धरून तशाच बसून राहिल्या. नाडी बांधता येत नव्हती. पाण्याच्या बाटल्या वाटणारा एक पोरगा वाकला, त्याने बांधून दिली, दुसऱ्या बुटाचीही घट्ट केली. बाईंनी त्याच्या पाया पडायला हात पुढे केला, तो दचकून मागे सरकला आणि उलट त्यांच्याच पाया पडला. मग त्या उठल्या, मागून टाळ वाजत येत होते त्या दिंडीत शिरल्या आणि चित्राच्या डाव्या कडेने बाहेर गेल्या. डावी कड म्हणजे सोलापूर रस्ता.

"तुकोबांच्या वाटेनं गेली," मुलगा म्हणाला आणि मटकन खाली बसला.

हवालदारांनी वायरलेसवर पुढच्या पॉइंटना वर्णन दिलं, बूट पहिल्यांदा. तीनच्या सुमारास लोणी काळभोरच्या अलीकडे, एका दिंडीच्या पंगतीत बसलेल्या सापडल्या. मुलाने स्पीकर लावला. तू त्यांच्यात कशी गेलीस, असं तो ओरडून विचारत होता. पलीकडून शांत आवाज आला, "टाळ तेच, अभंग तेच. मला वाटलं तुम्हीच पुढं गेलाय."

जाताना त्याने माझा हात धरला, "येतो माउली" म्हणाला. घड्याळाचा विषय काढला नाही.

किल्ली पाच वाजता मिळाली. गुलमोहराच्या फांदीला हात लावायचा तर उद्यान विभागाची परवानगी, म्हणून रेडिओच गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेला. भिंतीला नवीन भोक पाडायचं नाही, या अटीवर. सिग्नल उणे 63. अंधार पडता पडता पुन्हा खांबाखाली येऊन बिघडलेल्या कॅमेऱ्याची वेळ जुळवली आणि आलोच आहे तर म्हणून बाकीच्या तिघांसमोरही मोबाइल धरला. दोन बरोबर होते. तिसरा पावणेदोन मिनिटं पुढे.