चिऱ्याच्या भिंती आणि बावीस मीटर केबल

रत्नागिरी जिल्ह्यातील आमचे घर जांभ्याच्या चिऱ्यांचे आहे आणि त्याच्या भिंती हातभर जाड आहेत. उन्हाळ्यात या भिंतींचे उपकार मानावेत तेवढे थोडे. पण विजेच्या खांबांवरून आलेली फायबर ओटीवर पोहोचली आणि घरातल्या प्रत्येकाला इंटरनेटमधला आपला वाटा हवासा झाला, तेव्हा त्याच भिंती आड आल्या. राउटर ओटीवर, मी कामाला बसतो ती खोली मागच्या पडवीला लागून, आणि मध्ये माजघर, स्वयंपाकघर व आजीचे लोखंडी कपाट. ओटीवर १४० एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट) वेग दाखवणारा फोन माझ्या टेबलापाशी येईपर्यंत सहा-सातवर उतरत असे.

पहिला उपाय म्हणून मी माजघरात एक रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल पुढे पोहोचवणारे यंत्र, लावला आणि पैसे वाया घालवले. साधा रिपीटर ज्या रेडिओवर राउटरचे ऐकतो, त्याच रेडिओवर पुढे बोलतो. त्यामुळे वेग निम्म्याच्या आसपास येतो, आणि त्याच्यापर्यंत पोहोचणारा सिग्नलच अशक्त असेल तर पुढे द्यायला त्याच्याकडे फारसे काही उरत नाही. वायफायच्या ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान खऱ्या, पण भिंतीपुढे त्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींपेक्षा आधी हार मानतात. तेव्हा भिंतीशी भांडत बसण्यापेक्षा तिच्यावरून तार न्यावी, असे ठरवले.

नेटवर्कसाठीची कॅट-६ प्रकारची केबल घेताना एक गोष्ट पाहावी लागते. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या पुष्कळ केबलींच्या तारा ॲल्युमिनियमच्या असतात आणि त्यांवर तांब्याचा केवळ मुलामा असतो. त्या लवकर तुटतात, म्हणून शुद्ध तांब्याचीच केबल मागून घेतली. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते, आम्हाला तर बावीस मीटरच पुरली. ती माळ्यावरून वाशांच्या कडेने नेली, आणि उंदरांना तिचा मोह पडू नये म्हणून पीव्हीसी पाइपात घातली. 'लाइटीची वायर आणि ही एका पाइपात घालू नका,' असे वायरमनने बजावले होते, ते ऐकले हे बरे झाले.

टोकांना कनेक्टर मात्र मी स्वतः बसवले. केबलच्या पोटातून चार पिळलेल्या जोड्या निघतात. त्यांचे पीळ सोडवून आठ तारा पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी या क्रमाने चिमटीत सरळ धरायच्या, टोके एका रेषेत कापायची, आरजे-४५ कनेक्टरमध्ये शेवटपर्यंत सरकवायची आणि मग क्रिंपिंग टूल दाबायचे. दोन्ही टोकांना क्रम एकच ठेवायचा. वाचायला सोपे वाटते. माझे पहिले तीन कनेक्टर केरात गेले. चौथ्याने जोडणी झाली, पण लॅपटॉपवर वेग ९४ च्या पुढे जाईना. हा आकडा ओळखीचा ठेवण्यासारखा आहे, कारण १०० एमबीपीएसच्या जोडणीतून प्रत्यक्षात साधारण एवढेच हाती लागते. या वेगाला चारांपैकी दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, मात्र चारही लागतात. बॅटरीच्या उजेडात कनेक्टर पाहिला, तर तपकिरी तार सोनेरी पिनेच्या अलीकडेच थांबली होती, गव्हाच्या दाण्याएवढी. टोक पुन्हा केले आणि ओटीवरचा वेग जसाच्या तसा मागच्या खोलीत आला.

तेथे वायफायसाठी एक जुना राउटर जोडला, आणि खरा घोळ त्यानंतर झाला. बाबांच्या फोनवर इंटरनेट चालू, आईच्या फोनवर बंद, आणि प्रिंटर तर नेटवर्कवरून नाहीसाच झालेला. घरातील प्रत्येक यंत्राला राउटर एक अंतर्गत पत्ता देतो, आणि हे पत्ते वाटण्याच्या कामाला डीएचसीपी म्हणतात. आमच्या घरी आता वाटप करणारे दोन झाले होते, आणि दोघांचाही स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ हाच होता. मग जुना राउटर नेटवर्कपासून सोडवून एकट्या लॅपटॉपला जोडला, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, त्याचा डीएचसीपी बंद केला, आणि ओटीवरून आलेली केबल त्याच्या वॅन (बाहेरचे इंटरनेट घेणाऱ्या) पोर्टऐवजी लॅन (घरातली यंत्रे जोडण्याच्या) पोर्टमध्ये लावली. वॅन पोर्टमध्ये लावली असती, तर घरातल्या घरात दुसरेच नेटवर्क तयार झाले असते आणि मागच्या खोलीतील फोनला ओटीवरचा प्रिंटर आपोआप सापडला नसता. दोन्हीकडे वायफायचे नाव व पासवर्ड एकच ठेवले, २.४ गिगाहर्ट्झचे चॅनेल मात्र एकीकडे १ आणि दुसरीकडे ११ दिले, म्हणजे एकमेकांच्या बोलण्यात व्यत्यय येत नाही.

१९२.१६८ ने सुरू होणारे हे पत्ते खाजगी वापरासाठी राखलेले आहेत, त्यामुळे तेच पत्ते शेजारच्या घरातही असले तरी काही बिघडत नाही. बाहेरच्या जगाला आमचे सगळे घर एकाच पत्त्याने दिसते. आलेले उत्तर आतल्या कोणत्या यंत्रासाठी, याची नोंद राउटर ठेवतो. ३२ बिटांचे जुन्या पद्धतीचे पत्ते साऱ्या जगात मिळून सुमारे ४२९ कोटीच आहेत, म्हणून ही काटकसर.

प्रिंटरला १९२.१६८.१.२० हा पत्ता कायमचा दिला आणि डीएचसीपीचे वाटप १९२.१६८.१.१०० पासून पुढे सुरू केले, त्यामुळे तो पुन्हा हरवला नाही. फोटोंचे सामाईक फोल्डर दुसऱ्या संगणकाला दिसेना, तेव्हा विंडोजमध्ये नेटवर्क 'पब्लिक' ठेवले गेल्याचे लक्षात आले; 'प्रायव्हेट' केल्यावर दिसू लागले. गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात तेव्हा वीसेक फोन तरी वाढतात, त्यांच्यासाठी ओटीवरच्या राउटरवर वेगळे गेस्ट नेटवर्क आहे. भाच्यांनी पासवर्ड विचारला की तोच सांगायचा; घरातल्या फाइली त्यांच्या हाती लागत नाहीत.

मांगरापर्यंत, म्हणजे घराबाहेरच्या शेतघरापर्यंत, लाइन न्यायचे काम राहिले आहे. तेथे तांब्याची केबल उघड्यावरून नेली, तर मिरगाच्या आधीच्या वादळात जवळपास वीज पडताच दोन्ही टोकांची यंत्रे जळण्याची भीती असते, म्हणून तेवढ्या टप्प्यात फायबरच घालणार आहे. तिच्यातून वीज वाहत नाही. चर खणून पाइप पुरून ठेवला आहे, आणि तूर्त त्याची दोन्ही तोंडे चिंध्यांनी बंद केली आहेत.